राखेतली गाय

हुकुंत्सीहून रात्रभर बसने आला म्हातारा,
मांडीवर गवताची गोणी, झोपलेल्या लेकरासारखी.
नाव मोलाटल्हेगी. वय मी विचारलं नव्हतं,
तरी म्हणाला, दुसऱ्या दुष्काळातला जन्म.

"गुरं हाडं खातात," म्हणाला,
आणि कोटाच्या खिशातून काढून
टेबलावर ठेवलं एक हाड,
कुठल्याशा हरणाच्या पायाचं,
टोकाला चघळून चघळून कापसासारखं झालेलं.
"काळ्या कानाचीच्या तोंडातून ओढलं.
सोडत नव्हती."
मग बोट दाखवलं. चिंधी बांधलेली होती.

मी केलेबोन्ये. गाबोरोनच्या या खोलीत
अकरा वर्षं मी गवत जाळते.
दोन ग्रॅम, मातीच्या पांढऱ्या मुशीत,
साडेपाचशे अंशांवर, रात्रभर.
आधी काळं होतं, मग करडं.
उन्हाकडून उसनं घेतलेलं सगळं
गवत धुराड्यातून फेडून टाकतं.
मुशीत उरतं ते फक्त जमिनीचं देणं:
चिमूटभर, फुंकरीनं उडेल इतकं,
म्हणून मी वजन करताना श्वास धरते.

"तीन दिवस लागतील."
"थांबतो."
भाचीकडे झोपायचा, सकाळी येऊन बाकावर बसायचा.
भट्टीच्या दाराकडे बघत राहायचा,
आत जणू कोणी नातेवाईक आहे.

तिसऱ्या दिवशी आकडे आले.
चुना पुरेसा. मीठ जेमतेम.
फॉस्फरसचा आकडा मी दोनदा काढला,
यंत्र पुसलं, पुन्हा काढला.
हजारात एक भागसुद्धा नाही. अर्ध्याच्या किंचित वर.
त्याला म्हटलं, "तुमच्या गवतात हाडाला लागतं ते नाही."
तो हसला, पहिल्यांदाच.
"हे ती मला मे महिन्यापासून सांगते आहे."

गाभण आहे ती, सातवा महिना.
माझ्या वेळी आई वारुळाची माती खायची,
पदराआड, घरच्यांची नजर चुकवून.
डोहाळे, म्हणत बायका, आणि हसत.
गाईच्या डोहाळ्यांना कोण हसणार?
वासराचा सांगाडा बांधायला घेतलाय तिनं,
घरात सामान नाही,
म्हणून मेलेल्यांच्या दारात उसनं मागते.

आणि मेलेले देतात, पण नुसतं हाड देत नाहीत.
गेल्या हिवाळ्यात त्याच्या चार गेल्या.
आधी मागचे पाय, मग मान,
मग जीभ बाहेर, धुळीत पडलेल्या फडक्यासारखी,
आणि डोळे शेवटपर्यंत जागे.
चौघींची नावं त्यानं सांगितली. मी ती
अर्जाच्या "इतर माहिती" या रकान्यात लिहिली.

काय कमी आहे ते जिभेला कळतं.
कुजलेल्या मांसात काय दडलंय, ते नाही कळत.

कागदावर मी चाटण लिहून दिलं:
मीठ, फॉस्फेटची भुकटी, मूठभर मक्याचा भरडा.
जुना टायर उभा चिरा, पाण्याजवळ ठेवा,
तळाला भोक पाडा, पाऊस आलाच तर साचू नये.
"आलाच तर," तो म्हणाला, आणि आभाळाकडे
बघायचं मुद्दाम टाळलं.
माळावरची हाडं गोळा करा, खोल पुरा.
हेही. त्यानं मान हलवली.
मुलं करतील, पोत्यामागे पुलाचे पैसे देईन.

निघताना दारात थबकला.
"माझ्या गवताची राख कुठे जाते?"
अकरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.
एक मूस आम्लात विरली होती, दुसरी तशीच होती.
खरं सांगितलं: मोरीत.
त्यानं हात पुढे केला, बोटाची चिंधी तशीच.

वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधून दिली.
एकशे बेचाळीस मिलिग्रॅम, वहीत नोंद आहे.
हाड मात्र परत नाही दिलं.
पिशवीत घालून भट्टीत टाकलं,
रात्रभर वास येत राहिला,
आणि सकाळी दार उघडलं तर
इतकी पांढरी, इतकी भरपूर राख
मी गवतातून कधीच पाहिली नव्हती.